बेत्ताचं प्रवचन

गोझो, माल्टा, १४ सप्टेंबर २००६

प्रिय रोझान,

दर रविवारी फोनवर तू विचारतेस, "आई, ती कशी आहे, खरं सांग," आणि बेत्ता माझ्या पायाशीच बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार? शिवाय लक्झेंबर्गहून तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. म्हणून आता लिहीत जाईन. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिन्यांनी लावलेलं वळण अजून अंगात आहे, पेन हातात घेतलं की माझी पाठ आपोआप ताठ होते.

ती छान आहे. खाण्याचं थोडं नखऱ्याचं आहे, कोरडी मकरोनी आणि कड काढलेला पाव, बस्स. तूही लहानपणी टोमॅटोला हात लावायची नाहीस. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगते, ती तुझ्यासाठी रडली नाही. त्या दिवशी तुझी बोट सुटली तेव्हा मी तिचा हात धरून धक्क्यावर उभी होते. म्हटलं, "बेत्ता, मम्माला टाटा कर." ती धक्क्याच्या साखळीच्या कड्या बघत होती. बोट दिसेनाशी झाली तरी कड्याच बघत होती. समजूतदार पोर आहे. तुझ्या वेळी मी बाजारात गेले तरी तू अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचीस.

त्या पाळणाघरातल्या बाईंचं तू फार मनाला लावून घेऊ नकोस. म्हणे ही डोळ्याला डोळा देत नाही. आम्हाला नजर खाली ठेवायला शिकवताना सिस्टर बेनिन्यांनी किती पट्ट्या मोडल्या असतील. हिला ते उपजतच येतं, तर तो दोष झाला? उन्हाळ्यात मी म्हटलं तेच पुन्हा म्हणते. तिच्या बापाची, यानची फ्लेमिश, पाळणाघरातली फ्रेंच, तुझी माझ्याकडून घेतलेली आपली भाषा आणि तुम्हा दोघांची आपसातली इंग्रजी. चार वर्षांच्या जिभेने कुठलं ओझं आधी उचलायचं? इथे तिच्या कानावर एकच भाषा पडते. नाताळपर्यंत ती माझ्याकडे राहू दे, मग बघ. तू शब्द दिला आहेस.

तिच्या केसांना वास आता आपल्या घराचा येतो.

तुझी आई


गोझो, ५ ऑक्टोबर २००६

प्रिय रोझान,

बोलली. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुला आठवतंच, संध्याकाळी शेजारच्या विटोरिनच्या दारात आम्ही बायका खुर्च्या टाकून जपमाळ म्हणतो. बेत्ता माझ्या खुर्चीखाली असते, तिला तिथेच बरं वाटतं. काल जपमाळ संपली, मरियेच्या नावांची लितानी सुरू करायची, तेवढ्यात खुर्चीखालून आवाज आला. पवित्र मरिये, आमच्यासाठी विनंती कर. देवाच्या पवित्र माते, आमच्यासाठी विनंती कर. अख्खी लितानी, रोझान. एक नाव मागेपुढे नाही. आणि माझ्याच सुरात, मध्येच माझा खोकलासुद्धा.

बायकांनी वाकून खुर्चीखाली पाहिलं. मग विटोरिन म्हणाली, "अगं मिस, ही तर बिशप होणार. आतापासून हात चुंबून ठेवा, नंतर रांग लागेल."

अजून ती स्वतःहून काही मागत नाही, पण भाषा आत शिरली आहे म्हटल्यावर बाहेरही येईल. तहान लागली की माझं मनगट धरते आणि हात नळावर नेऊन ठेवते, जणू माझा हात म्हणजे नळाची चावी. वर बघत नाही, नुसता हात. इतकं गोड दिसतं.

मला काळजी आहे ती विटोरिनच्या नातवाची. झेप्पी बेत्ताच्याच वयाचा, तुझ्या मैत्रिणीचा, डोरिसचा मुलगा. त्याला धड चार शब्द येत नाहीत. "बा" म्हणजे भाकरी, बॉल आणि बस. परवा त्याने विटोरिनची चप्पल विहिरीत टाकली आणि ती ओरडायला लागली तर तिला चावला. दिवसभर तिचं डोकं खातो. गोगलगाय सापडली की तिच्या नाकाशी आणून धरतो. विमान गेलं की बोट वर आणि मान मागे, आजी बघते आहे का. ती बघेपर्यंत बोट खाली येत नाही. बिचारीच्या हातातलं काम तसंच राहतं.

मी तिला स्पष्ट सांगितलं, "विटोरिन, माझं आयुष्य बालवर्गात गेलं. या पोराचं लक्षण बरं नाही. दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांना दाखव."

ती थोडा वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे असेल. पण तू बरोबर चल. त्या शिकलेल्या लोकांसमोर मी घाबरते आणि मग भलतंच बोलते."

जाईन तिच्याबरोबर. शेजारधर्म आहे.

तुझी आई


गोझो, २७ ऑक्टोबर २००६

प्रिय रोझान,

तुझं पत्र आणि बेत्ताचे लोकरी मोजे मिळाले. शिवण बोटांना लागते म्हणून ती घालत नाही, पण उलटे करून घातले तर चालतात.

गेल्या आठवड्यात विटोरिन आणि झेप्पीबरोबर दवाखान्यात जाऊन आले. वाचा शिकवणाऱ्या बाई मोठ्या बेटावरून येतात, मिस शिक्लूना, तुझ्याहून लहान असतील. झेप्पीने त्यांचा चष्मा ओढला, मग त्यांनाच तो घालायला लावला आणि हसत सुटला. त्या म्हणाल्या, पोरगा उशिरा बोलणारा आहे, कान तपासून घ्या, पण मला घाबरण्यासारखं दिसत नाही. त्याला जे सांगायचं ते तो सांगतोच आहे, शब्द मागून येतील. बसमध्ये विटोरिन गावापर्यंत मला चिमटे काढत होती. "पुढच्या वेळी मी तुला दाखवायला नेते, मिस. विचारते, हिला जास्त बोलण्यावर काही औषध आहे का."

बेत्ता बरोबर होतीच, कुठे ठेवणार? त्या बाई तिच्याशीही जरा खेळल्या. हौशी आहेत. बाकी विशेष काही नाही.

नोव्हेंबरातल्या तिथल्या डॉक्टरांचं तू विचारलंस. मला विचारशील तर रद्द कर. आता कुठे पोर बोलायला लागली आहे, तिला विमानात घालून परक्या माणसांपुढे बसवायची, त्यांनी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचे, म्हणजे पुन्हा सगळा गुंता. आपण ठरवलेलं पूर्ण होऊ दे. आईचं एवढं ऐक.

इथे पहिली थंडी पडली आहे. केपरच्या झुडपांची पानं गळली.

तुझी आई


गोझो, २२ नोव्हेंबर २००६

प्रिय रोझान,

तू डॉक्टरांची वेळ रद्द केलीस हे वाचलं. आता पुढची वेळ कधी मिळेल सांगता येत नाही असं ते म्हणाले, हेही वाचलं. बरं केलंस. मला बरं वाटलं.

आता आनंदाची बातमी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेआधी दरवर्षी गावातलं एक मूल करतं ते प्रवचन यंदा बेत्ता करणार आहे. मी लग्नाआधीपासून ही मुलं शिकवते आहे. अर्ध्या गावाने माझ्या हाताखाली त्या प्रवचनपीठावर उभं राहून बाळ येशूचा जन्म सांगितला, पण आपल्या घरातलं कुणी नव्हतं. तू घसा बसला म्हणून ऐन वेळी पळालीस, आठवतं? तुझे वडील मिशीत हसत होते आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते.

आपले फादर दुन सालव आधी तयार नव्हते. म्हणाले, "मिस, सात-आठ वर्षांचं मूल लागतं. ही साडेचारची. लोक म्हणतील, दुन सालवने बाळ येशूलाच प्रवचनाला उभं केलं." मी म्हटलं, "फादर, सात वर्षांच्या पोराला पाठ व्हायला दोन महिने लागतात. हिला एकदा वाचून दाखवा." त्यांनी वेदीमागच्या खोलीत, सॅक्रिस्टीत, उभ्याने पहिलं पान वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने ते त्यांना त्यांच्याच घोगऱ्या आवाजात परत दिलं. त्यांनी डोळे पुसले.

आता रोज दुपारी स्वयंपाकघरात तालीम. पाठ तर आहेच, हातवारे आणि नजर तेवढी बसवायची. तुझ्या प्रथम कम्युनियनच्या पांढऱ्या झग्याला आत घेतलं आहे. गळ्याची लेस काढली, तिला टोचते.

नाताळच्या गव्हाणीपुढे ठेवायला कापसावर कडधान्याचे दाणे पेरले आहेत, कपाटात अंधारात. बेत्ता कधीकधी त्यांच्याशेजारी कपाटात जाऊन बसते. सणाचे बार उडतात तेव्हा मुलं घाबरतातच.

तू लिहिलंस, "आई, तू माझ्यापासून काही लपवत तर नाहीस ना?" तीनदा वाचलं ते वाक्य. अख्खं गाव त्या रात्री तिला ऐकणार आहे. ऐकल्यावर कुणी काही म्हणू शकेल का?

तुझी आई


गोझो, १० डिसेंबर २००६

प्रिय रोझान,

तू आणि यान तेवीसला येताय, तुमच्यासाठी तिसऱ्या रांगेत जागा सांगून ठेवली आहे. विटोरिनच्या घरची माणसंही त्याच रांगेत असतील. नाताळची मध भरलेली गोल बिस्किटं करून ठेवली.

आल्याआल्या बेत्ताला एकदम कवेत घेऊ नकोस. तिला चालत नाही. म्हणजे तालमीमुळे थकलेली असते.

तुझ्याशी एक बोलायचं आहे, पण प्रवचन झाल्यावर. काही विशेष नाही.

आई


गोझो, ३० डिसेंबर २००६

रोझान,

तू हे फाडून टाकलंस तरी मी लिहिणार आहे. तू तिसऱ्या रांगेतून पाहिलंस. मी सॅक्रिस्टीच्या दारातून पाहिलं. पण तू जे ऐकलंस ते कुठून आलं हे तुला फक्त मीच सांगू शकते, आणि त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

दवाखान्यातल्या त्या बाई बेत्ताशी जरा खेळल्या असं मी लिहिलं होतं. झालं ते असं. त्यांनी साबणाचे फुगे काढले. झेप्पी नाचला. मग त्यांनी बाटली बंद करून ठेवली आणि नुसत्या बसून राहिल्या. झेप्पीने आधी बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, मग पुन्हा बाटलीकडे, आणि "अं, अं" करत राहिला. बेत्ता आली, त्यांचं मनगट धरलं आणि हात बाटलीवर नेऊन ठेवला. वर एकदाही पाहिलं नाही. त्यांनी तिला नावाने हाक मारली. मागून मारली, बाजूने मारली. ती वळली नाही. बाहेर कुणीतरी चॉकलेटचा कागद चुरगळला, तेव्हा मात्र लगेच वळली.

त्यांनी विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "माझी नात. उत्तम बोलते." आणि मी बेत्ताला लितानी म्हणायला लावली. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आणि पाणी कसं मागते?"

विटोरिन खिडकीबाहेर बघत होती.

मग मी चार भाषांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, भाषा चार असोत की दहा. भाषांमुळे मूल थोडं उशिरा बोलेल. पण बोट दाखवायला भाषा लागत नाही. हा बघा, याला शब्द नाहीत, पण जे दिसतं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय याला चैन पडत नाही. रडणं, चावणं, हट्ट, खाण्याचे नखरे, हे सगळ्याच मुलांत असतं, त्यावरून मी काही म्हणत नाही. हाकेला वळणं, दाखवणं, आपण बघतोय का ते बघणं, हे एकत्र नसलं की मला काळजी वाटते." आणि मग म्हणाल्या, "एका भेटीत मी काही ठरवू शकत नाही. पण ऑटिझमसाठी तपासणी व्हायला हवी. तिच्या आईबाबांना आजच सांगा. लवकर कळलं तर तिला सोपं जाईल."

मी म्हटलं, "सांगते."

आठवड्याने मी तुला वेळ रद्द कर म्हणून लिहिलं. ते पत्र मी विचार न करता लिहिलं नव्हतं. दोनदा लिहून चांगल्या अक्षरात उतरवलं होतं.

विटोरिन रोज यायची. "सांगितलंस?" मी भांडी घासत असायचे. एकदा वैतागून बोलले, ते सगळं तू आता ऐकलं आहेस. बेत्ता टेबलाखाली होती. मला ती तिथे आहे हे माहीत होतं. मला वाटायचं, तिला काय कळतं. एकीकडे मी गावाला सांगत होते की हिला सगळं कळतं, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझं वागणं असं होतं.

चोवीसला ती पायऱ्या चढली तेव्हा सगळं चर्च कौतुकाने हललं. पहिली दोन वाक्यं दुन सालवच्या आवाजात. बेथलेहेमच्या वाटेवर थंडी होती, आणि सरायीत जागा नव्हती. मग माझा आवाज आला. "हात वर. तो नाही, उजवा." लोक हसले, मीही हसले. "लोकांकडे बघ. बेत्ता, बघ म्हटलं ना. पुन्हा पहिल्यापासून." लोक आणखी हसले. दुन सालव खुर्चीत पुढे सरकले. आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ती मेंढपाळांपर्यंत आली. देवदूत म्हणाला, भिऊ नका. आणि त्याच दमात, खोकल्यासकट, "रोझानला काही सांगायचं नाही. नाताळ होऊ दे. त्या कालच्या पोरीला काय कळतंय. माझी नात काही तुझ्या झेप्पीसारखी खुळी नाही. असलंच काही तर बापाच्या घरचं असेल, आमच्यात असलं कधी नव्हतं." आणि मग देवदूत पुन्हा, पाहा, मी तुम्हांला मोठ्या आनंदाची वार्ता सांगतो.

कुणी हसत नव्हतं. यानला आपली भाषा किती कळते हे मला कधी माहीत नव्हतं. त्याने मान खाली घातली तेव्हा कळलं. झेप्पीने आपलं नाव ऐकून विटोरिनच्या मांडीवरून हात हलवला.

मला पळत जाऊन तिचं तोंड दाबावंसं वाटलं. हेही लिहिते. पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात तू उठलीस. तू तिला खाली ओढलं नाहीस, गप्प केलं नाहीस. पायऱ्यांखाली उकिडवी बसलीस आणि ती आमेनपर्यंत पोचायची वाट पाहिलीस. तिने एकही शब्द चुकवला नाही. मी शिकवलेलं सगळं तिने जसंच्या तसं म्हटलं.

सॅक्रिस्टीत तू विचारलंस, "आई, काय म्हणाल्या होत्या त्या बाई? कधी?"

"ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात," तू म्हणालीस, आणि तिचा कोट शोधायला लागलीस.

का केलं, हे तू विचारलं नाहीस. आधी लिहिलं होतं की मला नातीची लाज वाटली असं नाही. ते खोडलं. वाटली. आमच्या शाळेत टोनिना नावाची एक मुलगी होती. कधी बोलायची नाही, भिंतीशी उभी राहून डुलायची. सिस्टर तिच्याशी मायेने वागायच्या, आपल्या ताटातलं भरवायच्या. पण बिशप भेटीला यायचे त्या दिवशी आम्ही पांढऱ्या झग्यांत ओळीने उभ्या राहायचो आणि टोनिनाला स्वयंपाकघरात बटाट्यांपाशी बसवलेलं असायचं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्या बाई बोलत होत्या तेव्हा मला सारखं ते स्वयंपाकघर दिसत होतं. बेत्ताला तिथे कुणी बसवू नये म्हणून मी तिला प्रवचनपीठावर चढवलं. आणि दोन्हीकडे तिला काय हवं होतं हे कुणी विचारलं नाही.

विटोरिन सव्वीसला आली. मला वाटलं भांडायला. ती म्हणाली, "खुळा म्हणालीस त्याचं मला काही नाही, मी त्याला दिवसभर तेच म्हणते. पण रोझान फोनवर विचारायची, विटोरिनमावशी, सगळं ठीक ना? आणि तुझ्यापायी मी हो म्हणायचे. ते तू मला करायला लावलंस." आत आली नाही. उंबऱ्यावरूनच गेली.

माफी मागायला मला अजून तोंड नाही.

आई


गोझो, २ फेब्रुवारी २००७

रोझान,

यानचा फोन आला होता. सावकाश, एकेक शब्द शोधत, आपल्या भाषेत बोलला. डॉक्टरांच्या कचेरीतून कुणाची तरी वेळ मोकळी झाली म्हणून तुम्हांला बोलावलं, आणि त्यांना बेत्ता इथे असताना काय काय दिसलं ते हवं आहे. मी म्हटलं, रोझानने मला विचारायला सांगितलं का? तो म्हणाला, "हो. ती म्हणाली, आईला म्हणावं, सजवू नकोस."

मग मी त्याच्याशी बोलले. मी त्याच्या घराबद्दल जे बोलले होते त्याबद्दल. तो म्हणाला, "आमच्या घरी एक काका आहेत तसे. आम्हांला ते आवडतात."

आता न सजवता.

हाकेला ती वळत नाही. मी तुला फोनवर म्हणायचे, "बघ, मम्मा म्हटल्यावर कशी हसली," ते खोटं होतं. ती हसायची, पण फोनच्या वायरीची वेटोळी बघून. या चार महिन्यांत तिने मला एकही वस्तू आणून दाखवली नाही. मधाची रिकामी भांडी ती लहानमोठी लावते, मी मधलं एक उचललं तर इतकी रडते की उलटी होते. झेप्पी रडायचा तेव्हा विटोरिन काय करते हे बघत रडायचा आणि पाव मिळाला की थांबायचा. बेत्ताचं रडणं कुणासाठी नसतं, आणि कशाने थांबत नाही. अंधारात कपाटात बसली की थांबतं. तिथे मी तिला एकटीला सोडायचे आणि बाहेर भाजी निवडायचे.

बाहुलीला जेवण भरवणं वगैरे तिने कधी केलं नाही. बाहुलीच्या पापण्या उघडमीट करते, कानाशी धरून. सुरुवातीला ती कधीकधी माझ्या गालाला गाल लावायची, मी जवळ ओढलं की निघून जायची. मी प्रत्येक वेळी ओढलं. मग तिने यायचं सोडलं. हे डॉक्टरांना उपयोगी आहे की नाही मला माहीत नाही, पण ते घडलं.

एक चांगलं लिहू का? यानला विचारलं, तो म्हणाला लिहा. घंटा वाजायच्या आधी, दोरी ताणली गेली की तिला ती ऐकू येते. ती हात कानांवर ठेवते आणि मग घंटा वाजते. मी इतकी वर्षं त्या घंटेखाली राहते, मला कधी दोरी ऐकू आली नाही.

आई


गोझो, १८ मार्च २००७

रोझान,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि जेवण झाल्यावर उघडलं, कारण वाचून जेवता येईल असं वाटलं नाही.

ऑटिझमच आहे म्हणून सांगितलं, आणि तू ऐकून रडली नाहीस, रात्री झोपलीस, असं लिहिलंस. दर आठवड्याला एक बाई घरी येऊन तिच्याशी जमिनीवर बसून खेळतात. तुझी सुट्टी संपत आली आहे आणि दुपारी तिच्याजवळ कुणीतरी हवं. तू लिहिलंस, "आई, मला अजून तुझा राग आहे. तो कधी जाईल माहीत नाही. पण तिला तू ओळखीची आहेस. यायचं तर ये. तिला काही पाठ करून घ्यायचं नाही, आणि मला काही झाकून सांगायचं नाही."

येते. दोन्ही कबूल.

दुन सालवना सांगितलं की पुढच्या वर्षी प्रवचनाचं मूल दुसऱ्या कुणीतरी तयार करावं. ते म्हणाले, "मिस, लोक विसरतील हो." मी म्हटलं, विसरू देत, मला नको. किल्ली विटोरिनकडे ठेवते आहे. तिने ती घेतली. म्हणाली, "कोंबड्यांना घालीन दाणे. तुझ्याशी बोलायचं की नाही ते अजून ठरायचं आहे." तेवढ्यात झेप्पीने माझा स्कर्ट ओढला आणि आमच्या छपराकडे बोट केलं. मांजर बसलं होतं. मी पाहिलं आणि त्याला म्हटलं, "हो, मांजर." तो म्हणाला, "मांजर बसलं." दोन शब्द जोडले त्याने. विटोरिन माझ्याकडे न बघता म्हणाली, "कालपासून जोडतो आहे. तुला कोण सांगणार?"

मंगळवारी दुपारच्या विमानाने येते आहे. मिठीची वगैरे अपेक्षा नाही. तुला कामावरून यायला जमलं नाही तर यानला पाठव, आणि त्यालाही जमलं नाही तर बसने येईन, पत्ता फ्रेंचमध्ये लिहून घेतला आहे. बेत्ताला मात्र विमानतळावर आणू नका. तिथे फार आवाज असतो. मी घरी येऊन दाराजवळ बसेन. तिला वाटेल तेव्हा ती येईल.

आई